दादांचा फोन, चौकोनाचं बटण आणि न वाजलेली गोळी

रानजाई · रविवार, सकाळी १०:२०

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण मी घरगुती भाषेत विचारते, चालवून घ्या.

माझे वडील (आम्ही दादा म्हणतो) नाशिकला जेल रोडला राहतात. वय ७३, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त. उभा जन्म वीज तयार करण्यात गेला, पण घरात कुणी खोलीतून उठलं रे उठलं की मागे पंखा बंद झालाच म्हणून समजा. तोच कायदा आता फोनला. कुठलंही अ‍ॅप वापरून झालं की खालचं चौकोनाचं बटण दाबायचं आणि 'सर्व साफ करा'. दिवसातून तीसेक वेळा तरी. का, तर "चालू राहिलं की बॅटरी खातं".

फोन चार वर्षांचा. अँड्रॉइड १२, रॅम (अ‍ॅप्स चालायची तात्पुरती जागा) ४ जीबी, स्टोरेज (फोटो-फाइली साठवायची जागा) ६४ जीबी. दुखणी दोन आहेत. पहिलं म्हणजे फोन भयंकर रेंगाळतो. व्हॉट्सअ‍ॅप उघडायला मी मोजले, नऊ सेकंद लागतात. कॅमेरा उघडेपर्यंत नातू फ्रेममधून निघून गेलेला असतो. दुसरं दुखणं गंभीर. बीपीच्या गोळीसाठी मी एक आठवण करून देणारं अ‍ॅप टाकून दिलं होतं, सकाळी ८ आणि रात्री ८. ते रात्री बहुतेक वेळा वाजतं, सकाळी मात्र दगा देतं. गेल्या आठवड्यात तीन सकाळी वाजलंच नाही.

एम.जी. रोडवर एका दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने दोन 'क्लीनर' टाकून दिले आणि वर म्हणाला, "रॅम भरलीय, नवीनच घ्या." त्यातल्या एका क्लीनरमध्ये बटण दाबलं की रॉकेट उडतं आणि '१.२ जीबी मोकळी झाली' असं येतं. दादा आता दिवसातून दहा रॉकेटं सोडतात. श्रीहरिकोट्यात नसतील एवढी.

तर, ही अ‍ॅप्स अशी सतत उडवावीत की नाही? आणि गोळीचं काय करू?


तर्रीबाज · रविवार, सकाळी १०:४१

दादांना साष्टांग. आमच्या घरी पण हाच आजार आहे, फक्त रुग्ण मी आहे.

जाणकार येतीलच. मी मिसळ खाऊन येतो.


जुनाखोड · रविवार, सकाळी ११:०५

मी दादांच्या बाजूने. पहिला अँड्रॉइड घेतला तेव्हापासून मी सगळं बंद करतो आणि माझे फोन पाच-पाच वर्षं टिकतात. उघडं ठेवलेलं अ‍ॅप रॅम अडवतं, यात न समजण्यासारखं काय आहे? ओट्यावर पसारा असेल तर पोळ्या कुठे लाटणार? गोळीचा प्रश्न वेगळा, त्या अ‍ॅपमध्येच खोट असेल.


खटपट्या · रविवार, दुपारी १२:३०

रानजाई, अ‍ॅप्स बनवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ओट्याची उपमा सगळ्यांना पटते आणि तिथेच गडबड होते. आपण नाशिककर आहोत, तर रॅमला गंगापूर धरण समजू. ऑगस्टात धरण ९० टक्के भरलं की आपण खूश होतो की रडतो? रिकामं धरण काय कामाचं? रॅमचंही तेच. रिकामी रॅम कसलंच काम करत नाही, आणि भरलेल्या रॅमला रिकाम्या रॅमपेक्षा जास्त वीज लागते असंही नाही. म्हणून अँड्रॉइड मुद्दामच ती भरून ठेवतो. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपमधून बाहेर पडलात की तो त्याला लगेच मारत नाही, झोपवून बाजूला ठेवतो. पुन्हा उघडलंत की तिथूनच उठवतो.

आता पाणी वाढलं तर? धरणाला दरवाजे आहेत. अँड्रॉइडमध्ये हे काम करणाऱ्या भागाला लो मेमरी किलर म्हणतात. पूर्वी तो थेट लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्यात होता, अँड्रॉइड ९ पासून बाहेर आणलाय. प्रत्येक अ‍ॅपला एक क्रमांक दिलेला असतो. समोर उघडं असलेल्याला शून्य, गाणी वाजवणाऱ्याला त्याहून जास्त, आणि कधीचं बाजूला झोपलेलं असेल त्याला ९०० च्या पुढे. मेमरीचा ताण वाढला की मोठ्या क्रमांकापासून एकेकाला निरोप. हा विसर्ग दिवसभर आपोआप चालू असतो, आपल्याला कळतही नाही. त्याआधी आणखी एक पायरी असते, झेडरॅम. वापरात नसलेला मजकूर दाबून, लहान करून रॅममध्येच ठेवायचा. आपण गाद्या-रजया बांधून माळ्यावर टाकतो तसं.

दादा 'सर्व साफ करा' करतात तेव्हा ही सगळी मांडामांड मोडते. पुढच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप पहिल्यापासून उभं राहतं. कोड वाचायचा, डेटाबेस उघडायचा, पडदा रंगवायचा. प्रोसेसर जास्त राबतो, म्हणजे बॅटरीही जास्त जाते. ज्या कारणासाठी दादा बंद करतात, नेमकं तेच उलटं होतं. नऊ सेकंदांतले काही सेकंद नक्की यातले. सगळे नाहीत, त्याकडे नंतर येऊ.


जुनाखोड · रविवार, दुपारी १२:५२

धरण भरलं की सराफ बाजारात पाणी शिरतं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती गळ्यापर्यंत बुडतो, हे पण सांगा की!


खटपट्या · रविवार, दुपारी १:१५

चपखल बोललात, आणि यातही तथ्य आहे. २-३ जीबी रॅमच्या फोनमध्ये धरणच लहान असतं. थोड्या पावसात भरतं, दरवाजे सतत उघडझाप करतात. एक अ‍ॅप उघडलं की दुसरं मरतं, ते परत उघडलं की तिसरं. फोनचा सगळा वेळ दाबण्यात आणि उलगडण्यातच जातो. अशा फोनवर मोठा गेम खेळून झाल्यावर तो हाताने बंद करण्यात शहाणपण आहे. एखादं अ‍ॅप अडकलं, फोन तापवत बसलं, नकाशाचा रस्ता संपला तरी जीपीएस धरून बसलं, तर तेवढंच उडवा. माझा विरोध सरसकट झाडू मारण्याला आहे.


नीलमोहर · रविवार, दुपारी २:०३

आयफोनवालीचे दोन आणे. आमच्यातही लोक उठसूट अ‍ॅप्स वर सरकवून बंद करत बसतात. २०१६ मध्ये एका ग्राहकाने अ‍ॅपलला ईमेल करून विचारलं होतं, की याने बॅटरी वाचते का आणि तुम्ही स्वतः असं करता का. सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी दोन्ही प्रश्नांना 'नाही' असं उत्तर दिलं होतं. त्या यादीत जी चित्रं दिसतात त्यातली बहुतेक अ‍ॅप्स चालू नसतातच, नुसता शेवटचा फोटो दिसत असतो. ज्याला मागे काम करायची मुभा नको असेल त्याचं बॅकग्राउंड अ‍ॅप रिफ्रेश बंद करा, विषय संपला.

(जुनाखोड, उखडू नका. माझे सासरेही तुमच्याच पक्षात आहेत.)


द्राक्षबाग · रविवार, रात्री ८:४८

दिवसभर बागेत होतो, आत्ता वाचलं. गोळीच्या गजरावरून माझीच गोष्ट आठवली.

निफाडची थंडी माहितीच आहे सगळ्यांना. मणी भरायच्या वेळेला पारा घसरला की आम्ही पहाटे ठिबक सोडतो, बांधावर शेकोट्या पेटवतो, नाहीतर मण्यांना तडे. त्यासाठी बागेत छोटं हवामान केंद्र बसवलंय, तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेलं की मोबाईलवर भोंगा वाजतो. पहिला हंगाम झकास गेला. दुसऱ्या वर्षी फोन बदलला. कुठल्या कंपनीचा ते सोडा. एका रात्री भोंगा वाजलाच नाही. बापाला म्हातारपणामुळं झोप कमी, त्यांनी उठवलं म्हणून बरं, कडेच्या चार ओळींवरच भागलं.

सकाळी केंद्र तपासलं तर ते चोख. त्याने रात्रीच निरोप पाठवलेला. माझ्या फोनने त्या अ‍ॅपला 'गाढ झोप' यादीत टाकलं होतं. म्हणे, बरेच दिवस वापरलं नाही. आता उन्हाळ्यात थंडीचं अ‍ॅप कोण उघडणार भो?

आणि माझ्या त्या फोनवर यादीतून वर सरकवून काढलं तरी अ‍ॅप पार मरायचं, निरोप यायचाच बंद. भावाच्या फोनवर तसं नव्हतं. त्यामुळं सगळे फोन सारखे समजू नका.


खटपट्या · रविवार, रात्री ९:२०

द्राक्षबाग यांनी धाग्याचा गाभाच मांडलाय. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकात मिसळू नका.

यादीतून सरकवणं म्हणजे मूळ अँड्रॉइडमध्ये फक्त 'माझं काम झालं' असं सांगणं. अ‍ॅपने लावून ठेवलेला गजर त्याने जात नाही, निरोपही येत राहतात. 'फोर्स स्टॉप' मात्र फार वेगळा. अ‍ॅपच्या माहितीच्या पानावर ते बटण असतं. ते दाबलं की अ‍ॅपचे गजर रद्द होतात, बाहेरून आलेला निरोप त्याला उठवू शकत नाही, तुम्ही स्वतः उघडेपर्यंत ते मेल्यासारखं पडून राहतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये साधं सरकवणंही जवळपास फोर्स स्टॉपसारखं वागतं. डोन्टकिलमायअ‍ॅप नावाची एक साइट आहे, तिथे कंपनीवार हे प्रकार आणि त्यावरचे उतारे दिलेत.

झोपवण्याचे प्रकार तर एकावर एक चढलेत. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आला, म्हणजे फोन बराच वेळ निपचित पडला असेल तर सगळ्यांचं मागचं काम एकत्र बांधून मधूनमधून करायचं. अँड्रॉइड ९ ने अ‍ॅप्सना वापराप्रमाणे टोपल्यांत टाकलं: रोजचं, नेहमीचं, अधूनमधून, क्वचित. अँड्रॉइड १२ ने महिनोन्महिने न उघडलेल्या अ‍ॅपच्या परवानग्या काढून त्याला थेट शीतनिद्रेत पाठवायला सुरुवात केली. त्यावर फोन कंपन्यांचे स्वतःचे कायदे वेगळेच.

रानजाई, एक काम करा. अंदाज बांधण्यापेक्षा मोजून बघू. गोळीच्या अ‍ॅपमध्ये दहा मिनिटांनंतरची आठवण लावा आणि चार वेगवेगळ्या वेळी बघा. एकदा नुसतं होम बटण दाबून. एकदा 'सर्व साफ करा' करून. एकदा ते रॉकेट उडवून. आणि एकदा फोन बंद करून परत चालू करून. चौथं विसरू नका. दादा रात्री फोन बंद करतात का हो?


रानजाई · रविवार, रात्री ९:३४

अय्या! हो. रात्री १० ला बंद, सकाळी ६ ला चालू. "त्यालाही विश्रांती नको का?" असं म्हणतात. तुम्हाला कसं कळलं?


खटपट्या · रविवार, रात्री ९:३७

सकाळचीच बोंब आहे म्हणालात ना, तेव्हाच शंका आली. उद्या मोजून सांगा, मग बोलू.


पासधारक · सोमवार, सकाळी ७:५५

पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसून लिहितोय, कसाऱ्याच्या आत लिहून पाठवलं पाहिजे.

बॅटरीवरून एक. गेली अकरा वर्षं रोज नाशिक रोड ते दादर करतोय. घाटात रेंज जाते-येते आणि फोन टॉवर शोधत दमतो. बॅटरी तिथेच सगळ्यात जास्त उतरते, मागच्या अ‍ॅप्समुळे नाही. मी इगतपुरी सुटलं की एअरप्लेन मोड लावतो आणि डुलकी काढतो. पूर्वी मीही दर स्टेशनला सगळं साफ करायचो, मग पडद्यावरचं रेल्वेचं तिकीट दाखवायला अ‍ॅप पुन्हा उघडा, लॉगिन करा, आणि नेमकं तेव्हा नेट नाही. टीसी आपला शांतपणे उभा.

सेटिंगमध्ये बॅटरी वापराचं पान असतं, तिथे कोण किती खातंय ते स्वच्छ दिस


तर्रीबाज · सोमवार, सकाळी ८:१०

कसारा आलं वाटतं.


सोल्डर · सोमवार, सकाळी ११:२६

मी स्वतः दुरुस्तीचं काम करतो, सिडकोत. त्या एम.जी. रोडच्या पोरावर सगळे तुटून पडायच्या आत थोडी आमची बाजू.

गिऱ्हाईक येतं ते "मेमरी फुल झाली" म्हणत येतं. रॅम आणि स्टोरेज लोकांच्या डोक्यात एकच. दहांतल्या आठांचं दुखणं स्टोरेजचं असतं, हा माझ्या काउंटरवरचा अनुभव, कुठला सर्व्हे नाही. ६४ जीबीपैकी ६१ भरली की फोन रडणारच. आतली चिप लिहिताना आधी मोकळा कप्पा शोधते, मिळाला नाही की जुनं हलवून, पुसून जागा करते, मग लिहिते. स्वस्त फोनांत बऱ्याचदा ईएमएमसी जातीची चिप असते, ती मुळात संथ. कॅमेरा उशिरा उघडतो याचं हेही कारण असू शकतं. रानजाई ताई, स्टोरेज किती भरलंय ते आधी बघा.

दुसरं, '८ अधिक ८ जीबी रॅम' अशा पाट्या बघून भुलू नका. ती अधिकची ८ म्हणजे स्टोरेजमधला तुकडा रॅमच्या नावाने वापरतात. खरी रॅम त्याच्या कितीतरी पट वेगवान असते. आणि स्टोरेज आधीच गच्च असेल तर ते बंद केलेलंच बरं.

तिसरं, क्लीनर अ‍ॅप. पोरानं टाकलं ते चूकच. त्यात जाहिराती असतात, ते स्वतः चोवीस तास मागे जागं असतं. म्हणजे घर झाडायला ठेवलेला माणूस हॉलमध्येच बिऱ्हाड करून बसला.

चौथं, दादांना रागावू नका. आठवड्यातून एकदा फोन बंद-चालू करणं चांगलंच. रोज करायची गरज नाही इतकंच. हां, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं तर मात्र या धाग्यावर न विचारता थेट दुकान गाठा.


खटपट्या · सोमवार, दुपारी १२:०२

सोल्डर, लाख बोललात. क्लीनरबद्दल एक भर घालतो. हे अ‍ॅप दुसऱ्या अ‍ॅप्सना मारायला सिस्टीमची जी सोय वापरायचं, ती अँड्रॉइड १४ पासून फक्त स्वतःच्याच प्रक्रिया मारू शकते. म्हणजे नव्या फोनवर रॉकेट नुसतं शोभेचं. दादांच्या १२ वर ते खरंच मारतं. मारलेल्यांतली बरीच अ‍ॅप्स थोड्या वेळात परत उठतात, ते वेगळं.

काही क्लीनर आणखी पुढे जातात. 'सखोल सफाई'साठी अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात आणि ती मिळाली की तुमच्या वतीने एकेका अ‍ॅपचं फोर्स स्टॉपचं बटण दाबत सुटतात. मुळात ही परवानगी दृष्टी किंवा हालचाल कमी असलेल्यांच्या मदतीसाठी आहे. ती ज्याच्या हातात, तो पडद्यावरचं वाचू शकतो, बटणं दाबू शकतो. ज्या फोनवर यूपीआय आहे, त्यावर ती कुणालाही देऊ नका. रानजाई, हे आजच्या आज तपासा.


अळूवडी · सोमवार, दुपारी ३:४०

सगळं वाचून काढलं. मी ६६ वर्षांची, माझाच फोन ९८ टक्के भरलाय. व्हॉट्सअ‍ॅप कसं रिकामं करायचं कुणी सांगेल का? मुलाला विचारलं तर तो फोन हातात घेतो, टकटक करतो आणि परत देतो. मला काही शिकायला मिळत नाही.


नीलमोहर · सोमवार, दुपारी ४:१५

अळूवडीताई, व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' आहे, त्यात 'स्टोरेज व्यवस्थापित करा'. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढलेल्या दिसतील आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं' हाही एक ढीग दिसेल. त्या दुसऱ्या ढिगावर डोळे मिटून कुऱ्हाड चालवा, त्यात तुमच्या नातवंडांचं काही नसतं. पहिला ढीग मात्र एकेक उघडून बघून. त्याच्या खाली कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली तेही क्रमाने दिसतं, ते वाचताना करमणूक होते.

मग आपोआप डाउनलोडमध्ये जाऊन मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्हीकडचे व्हिडिओ बंद करा. हवा तो व्हिडिओ बोट लावून उतरवायचा.

आणि एक कळकळीचं. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या पानावर 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा' अशी दोन बटणं शेजारी असतात. कॅशे म्हणजे अ‍ॅपची तात्पुरती साठवण, ती पुसलीत तर काही बिघडत नाही. 'डेटा' दाबलंत आणि बॅकअप नसेल, तर सगळी संभाषणं गेली.


अळूवडी · सोमवार, सायंकाळी ६:०२

११ जीबी मोकळे झाले!! एकट्या भिशीच्या ग्रुपचे ४. लसणीच्या लोणच्याचा एकच व्हिडिओ सहा जणींनी पाठवलेला. सहाही मी जपून ठेवले होते.


रानजाई · मंगळवार, रात्री ९:५०

मंडळी, निकाल. काल-आज जेल रोडलाच होते, दादांना शेजारी बसवून मोजलं. एकलहऱ्याचा माणूस, लगेच वही आणून तक्ता आखला.

होम बटण: वाजलं. 'सर्व साफ करा': वाजलं! दोनदा केलं, दोन्ही वेळा वाजलं. दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. रॉकेट: नाही वाजलं. दोन क्लीनरपैकी एकाला खरंच ती अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी दिलेली होती आणि दादांना त्याचा पत्ता नव्हता. आणि फोन बंद करून चालू: नाही वाजलं.

म्हणजे ज्या सवयीवरून मी वर्षभर त्यांच्याशी भांडतेय, तिचा या प्रकरणात काही हात नाही. वहीत त्यांनी ठळक अक्षरात लिहिलंय, 'आरोप सिद्ध झाला नाही.'

क्लीनर दोन्ही काढले. स्टोरेज ६४ पैकी ६० भरलेलं निघालं, त्यात व्हॉट्सअ‍ॅपच १९. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवरचे सुप्रभात आणि लासलगावचे कांद्याचे भाव. आमच्याकडे वावरभर शेत नाही हो, तरी रोज भाव. पुसून पुसून ४३ वर आणलं. व्हॉट्सअ‍ॅप आता साडेतीन सेकंदांत उघडतंय, आणि साफ न करता उघडलं तर लगेच.

पण बंद-चालू केल्यावर का वाजत नाही?


खटपट्या · मंगळवार, रात्री १०:२५

दादांना माझाही नमस्कार सांगा. असे तक्ते आखणारी माणसं आमच्या ऑफिसात मिळत नाहीत.

फोन बंद झाला की अ‍ॅप्सनी लावलेले सगळे गजर पुसले जातात. पुन्हा सुरू झाल्यावर सिस्टीम 'मी उठलोय' अशी हाक देते आणि प्रत्येक अ‍ॅपने ती ऐकून आपले गजर परत लावायचे असतात. बऱ्याच फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' किंवा 'ऑटो लाँच' नावाची कळ असते, शाओमी, ओप्पो, रिअलमीमध्ये ती सापडते. ती त्या अ‍ॅपसाठी बंद असेल तर हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. दादा सकाळी गोळीची आठवण नसताना गोळी घ्यायचे, मग अ‍ॅप उघडून बरोबरची खूण करायचे, बरोबर? अ‍ॅप उघडलं की गजर लागायचे, म्हणून रात्री वाजायचं. मधे रॉकेट उडालं की तेही गेलं.

शिवाय फोन चालू केल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत बाहेरची बहुतेक अ‍ॅप्स जागी होत नाहीत. दादा फोन चालू करून पिन न टाकता फिरायला गेले तर तीही एक फट.

तेव्हा, ऑटोस्टार्ट चालू करा. बॅटरीत त्या अ‍ॅपला 'अनिर्बंध' करा. विशेष परवानग्यांत 'गजर आणि रिमाइंडर' दिसेल, तेही चालू हवं. यादीत अ‍ॅपच्या कार्डावर बोट दाबून धरलं तर काही फोनांत कुलूप येतं, ते लावा. 'सर्व साफ करा' केलं तरी कुलूपवालं जात नाही. हे फक्त गोळीच्या अ‍ॅपला आणि फार तर व्हॉट्सअ‍ॅपला. सगळ्यांना अनिर्बंध केलंत तर परत बॅटरीची बोंब.

आणि खरं सांगू? औषधासारख्या गोष्टीला फोनचंच घड्याळ वापरा. सकाळी ८, रात्री ८, नाव 'बीपीची गोळी', रोज. ते फोनसोबतच आलेलं असतं, कंपन्या त्याला सहसा हात लावत नाहीत आणि पिन टाकायच्या आधीही ते वाजतं. माझ्या आईसाठी मी तेच लावलंय, स्वतः अ‍ॅप बनवत असूनसुद्धा.


जुनाखोड · मंगळवार, रात्री १०:४०

'आरोप सिद्ध झाला नाही' याची फ्रेम करून घेणार आहे.


खटपट्या · मंगळवार, रात्री १०:४३

करा. पण साडेतीन सेकंद आणि 'लगेच' हेही त्याच तक्त्यात आहे.


जुनाखोड · मंगळवार, रात्री १०:५१

ते मी कापून घेईन.


द्राक्षबाग · बुधवार, सकाळी ६:१०

भोंग्याच्या अ‍ॅपला काल रात्री कुलूप लावलं, गाढ झोपेतून काढून 'कधीही झोपवू नका' मध्ये टाकलं. आज पहाटे पावणेपाचला असा बोंबलला की शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं उठलं. ठिबक सोडून आलोय, चहा घेतोय. आभार सगळ्यांचे.


रानजाई · शुक्रवार, रात्री ८:२५

शेवटचं अपडेट. घड्याळात गजर लावलाय, अ‍ॅपही ठेवलंय कारण दादांना खूण करायला आवडतं. ऑटोस्टार्ट चालू, कुलूपही लावलं. तीन दिवस दोन्ही वाजताहेत, एकदम, घरात देवळातल्या आरतीसारखं होतं. रात्री फोन बंद करणं काही सुटलेलं नाही. चौकोनाचं बटणही नाही.

आत्ता त्यांचा फोन आला होता. घाबरलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, सगळी अ‍ॅपं जातात, पण हे एक गोळीचं कितीही पुसलं तरी जातच नाही. व्हायरस तर नाही ना?"